लाल बटणातली आजी

सोमवार, ३ फेब्रुवारी

हातांवर बसायला सांगितलं मला! या वयात! खुर्चीत बसायचं, दोन्ही तळवे मांडीखाली घालायचे आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. वर्गातल्या ताई म्हणाल्या, "आजी, तुम्ही फार चपळ. तिला काही हवंसं वाटायच्या आत तुम्ही देऊन मोकळ्या." म्हटलं, "मग काय, उशिरा देऊ?" तर म्हणे, "हो. तेच शिकायचंय तुम्हाला."

शाळा नातीची, आणि शिकायचं मी!

नात चार वर्षांची. हातपाय ताठ, मान डगमगते, बोलणं नाही. मी तिला सरकार म्हणते. भुवई हलली की घर धावतं. म्हणजे मी धावते — मुलगा आणि सून कामावर.

वर्गात सगळी मिळून सहा पोरं. एकाचं नाव मी इन्स्पेक्टर ठेवलंय. चाकाच्या वॉकरवरून येतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं पायताण तपासतो. माझ्या चपलांना नाक मुरडलं मेल्यानं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं. शाळा त्यांच्याच हातात. पूर्ण दिवसाची एक जागा रिकामी झालीय. आता बाराला घरी आणावं लागतं, आणि दुपारभर तिला उचलणं-ठेवणं मला झेपत नाही. हे मी बोलले नाही. खुर्चीतून उठताना कंबरच बोलली.

पण पूर्ण दिवस असला तर घरचं माणूस वर्गात बसवत नाहीत. म्हणून बाईंची अट — चौदा तारखेला त्या स्वतः बघणार. पोरीनं कसंही करून एक गोष्ट मागून दाखवायची. "मागता आलं नाही तर दिवसभर कोपऱ्यात गप्प पडून राहील. ते मला चालणार नाही."

"तिला काय हवं ते मला कळतं!" मी म्हटलं.

"तुम्हाला कळतं हो आजी. बाकीच्यांचं काय?"

बरोबर बोलल्या. म्हणून जास्त राग आला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दहापर्यंत मोजलं. सहानंतर एकदम आठ आले. ओठ हलत होते म्हणे माझे — ताईंनी पकडलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताईंनी बशीएवढं लाल बटण आणलं. आपण आधी त्यात बोलून ठेवायचं, मग दाबलं की तेच ऐकू येतं. सरकारच्या खुर्चीला पुढे फळी आहे, तिच्यावर बांधलं. बोटं वळत नसली तरी मुठीनं दाबता येतं. आवाज घरच्या बाईचा हवा. सून कामावर, म्हणून मी.

"म्हणा आजी, 'आणखी हवं.'"

मी घसा खाकरला, वाकले आणि म्हटलं, "चालू झालं का हे मेलं?"

झालं होतं!

ताई पुसणार तेवढ्यात सरकारची मूठ पडली. "चालू झालं का हे मेलं?" सगळा वर्ग वळून बघायला लागला. मग सरकार हसली — अशी की खुर्ची हलली. पुन्हा मूठ, पुन्हा मेलं. अकरा वेळा! इन्स्पेक्टर वॉकर सोडून जमिनीवर लोळला. ताईंनी तोंडाला रुमाल लावला.

घरी सून म्हणाली, "आई, चार वर्षांनी पोरगी बोलली, आणि बोलली ते हे!" म्हटलं, "शब्द माझे, मूठ तिची. तू मुठीकडे बघ."

मग दोघी खूप हसलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

नवीन भरलं. "आणखी हवं." इतकं गोड बोलले की माझी मलाच ओळख पटेना.

ताई साबणाचे फुगे उडवतात आणि मधेच थांबतात. बटण दाबलं की परत फुगे. फुग्यांवर सरकारचा जीव. पण दाबेल तर शपथ! एकदा दाबलं, तो गोड आवाज ऐकला आणि कपाळाला आठ्या. जशी कोणी परकी बाई घरात शिरलीय.

सुनेनं संध्याकाळी एकच पातेलं तीनदा घासलं. चार दिवस उरले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मीच म्हटलं, "ताई, पुसा ते. गोडवा आमच्या घराण्यात चालत नाही." आणि भाजीवाल्याशी बोलते तसं भरलं — "अहो, थांबलात काय? आणखी उडवा की!"

"मोठ्या बाईंसमोर हे?" ताई म्हणाल्या.

"मागायचंच आहे ना? मग ठसक्यात मागू दे."

सरकारनं लगेच तीनदा दाबलं. पण फुगे चालू असताना! ताईंनी मान हलवली. "ही गंमत झाली आजी. फुगे थांबल्यावर दाबलं, तर ते मागणं."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मोठ्या बाई वही घेऊन बसल्या. मी हातांवर. ताईंनी फुगे उडवले. थांबल्या.

एक. दोन. तीन. मूठ उचलली... आणि फळीच्या कडेला पडली. बटण चार बोटं लांब. कोपराला मी नुसतं बोट लावलं असतं तरी झालं असतं! मांडीखाली हात वळवळले. बाई पोरीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. सात. आठ. एकही आकडा गाळला नाही. दहा झाले. कोणी हललं नाही. सोळा. मान मागे गेली, परत पुढे आली. मूठ फळीवरून घसटत घसटत निघाली. तेवीस.

"अहो, थांबलात काय? आणखी उडवा की!"

बाई दचकल्या. त्यांना वाटलं, मीच ओरडले!

ताईंनी उडवले. थांबल्या. पुन्हा आमचं बटण खेकसलं. नंतर पुन्हा. बाईंनी वही मिटली. "जागा तिची. पण आजी, हा आवाज..."

"आवाज राहू दे," ताई म्हणाल्या.

माझे हात इतके बधिर झाले होते की पाणी प्यायला पेला धरता येईना. सुनेला फोनही ताईंनीच लावून दिला. ती पलीकडून रडत होती. म्हटलं, "रडतेस काय? साखर आण येताना, संपलीय."

रविवार, १६ फेब्रुवारी

ताईंनी घरी वापरायला अजून एक बटण दिलंय, पिवळं. त्यात "नको" भरायचं होतं. एका दमात जमलं. तो शब्द मला पाठ आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पूर्ण दिवस पार पडला. संध्याकाळी भरवायला बसले. नेहमीचंच, सगळं एकत्र वाटून गाळलेलं. दुसऱ्या घासाला "नको!" वाटलं, मूठ चुकून पडली. तिसरा पुढे केला. "नको!" माझाच आवाज. सरकार हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

वाटीतलं उरलेलं मी खाल्लं. चार वर्षांत पहिल्यांदा चाखलं. कसलीच चव नाही त्याला.