पाचवी ढोली

बडोदे,
८ नोव्हेंबर १९८१

ती. ताईस,
इश्वरचा सा. न. वि. वि.

टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी नीट पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. शिल्पकला शिकवणारा माणूस आवाज कशाला गोळा करतो, असं तू विचारलं आहेस. सांगतो. मार्चमध्ये इथल्या एका दालनात मी आपल्याकडच्यासारख्या पाच ढोल्या मांडणार आहे. बांबूच्या, शेणामातीनं सारवलेल्या, धान साठवायच्या असतात तशाच, पण रिकाम्या. प्रत्येकीच्या तळाशी एक स्पीकर. येणाऱ्यानं वाकून ढोलीत डोकं घालायचं, की सिहोऱ्यातली एक जागा ऐकू येईल. लहानपणी आपण रिकाम्या ढोलीत तोंड घालून ओरडायचो आणि माय पाठीत धपाटा घालायची. ते एवढ्या वर्षांनी उगवलं आहे, असं समज.

तलावातून पाटाला पाणी सुटतं ती जागा, धानाचं खळं, राइसमिल आणि आठवडी बाजाराचं मैदान, एवढं तू घे. पाचवीचं मागाहून कळवतो. माणसांचं बोलणं मात्र नको, मला जागेचा आवाज हवा आहे. बाजारही उठून गेल्यावरचा घे. मायला सांग, तुझं पोरगं चाळिशीकडे चाललं तरी ढोलीतून बाहेर आलं नाही.

मला आठवणीत ठेवा, दोघीही.
इश्वर

सिहोरा,
२८ नोव्हेंबर १९८१

चि. इश्वरास अनेक आशीर्वाद.
वि. वि.

शाळा सुटली की मी खांद्याला यंत्र अडकवून गावभर फिरते. तलावाचं पाणी सोडणाऱ्या तुलारामनं विचारलं की बाई, पान्याचा फोटो काढून राहिल्या का. मी हो म्हणून टाकलं. ते खोटं बोलणं झालं की नाही, यावर रोजनिशीचं अर्धं पान खर्ची पडलं. हसू नकोस.

खळ्यावर अडचण झाली ती मायची. दम्याचा त्रास असून ती माझ्यामागे आलीच. बैलांची पावलं, पेंढ्यांची सळसळ, सगळं छान येत होतं. मध्येच तिनं बैल हाकणाऱ्या नत्थूला सांगायला सुरुवात केली की त्या पांढऱ्याच्या तोंडाले मुसकं बांध, अर्धं धान तोच खाऊन राहिला. नत्थू म्हणाला, माय, तुमी एवढ्या थंडीत कायले आल्या. तर म्हणते, माह्या पोराले बडोद्यात बैल नाई भेटत, म्हून डब्यात भरून पाठवून राहिलो. मग खोकल्याची उबळ. हे सगळं कॅसेटवर आलं आहे. पाठवू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी पाठवते आहे.

वेळेवर जेवत जा. माझी माया तुझ्यावर आहेच, ती वेगळी लिहायला नको.
तुझी ताई

बडोदे,
८ डिसेंबर १९८१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाण्याची कॅसेट ऐकून मी खुर्चीतून उठलो नाही. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. खळ्याची मात्र परत पाठवतो आहे. बैलांपर्यंत सुरेख, पुढे माय आहे. मी दोनदा ऐकली, मित्रांनाही ऐकवली, सगळे हसले. पण ढोलीत ती चालायची नाही. माणूस बोललं की लोक माणूस ऐकतात, जागा ऐकत नाहीत. त्याच कॅसेटवर पुन्हा घे, नव्या इथे लवकर मिळत नाहीत.

आता पाचवी ढोली. ती आपल्या घराची. सकाळी सातची वेळ, माजघर, आत कुणी नाही. कॅसेटची एक बाजू, अर्धा तास. तेवढा वेळ मायला बाहेर बसव. तिला आणि तिच्या खोकल्याला माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुमच्या रागालाही पात्र,
इश्वर

सिहोरा,
२३ डिसेंबर १९८१

चि. इश्वरास अनेक आशीर्वाद.
वि. वि.

खळं पुन्हा घेतलं, त्याच कॅसेटवर. मायला घरी ठेवून गेले होते.

घरही झालं, रविवारी सकाळी. मायला म्हटलं, बाहेर बस, झालं की बोलावते. तर म्हणाली, मले कायले हाकलून राहिली, मी का कुत्री आहो भुकाले? पण गेली. घोंगडं गुंडाळून शेजारच्या सुंदरबाईच्या भिंतीशी बसतो म्हणाली. कॅसेटवर एकदाही खोकला नाही. कौलांवर चिमण्या आहेत, रांजणाचा थेंब आहे, चुलीतलं जळकं लाकूड खाली बसतं तेसुद्धा आहे. मीही श्वास जपून घेत होते. तुझ्या मनासारखं झालं असावं.

मायला जरा सर्दी आहे. काळजीचं काही नाही.

आमचं लक्ष तुझ्याकडेच असतं.
ताई

बडोदे,
३० जानेवारी १९८२

ती. ताईस,
नमस्कार.

मायची तेरवी आटोपून इथे आलो त्याला आठवडा होत आला. तुमसर रोड स्टेशनवर गाडीत बसवून देताना तू काहीतरी सांगणार होतीस असं मला वाटलं. गाडी सुटली.

आल्यावर कामाला हात लावला नाही. परवा मायचा आवाज आठवायला बसलो. तिची वाक्यं आठवतात, आवाज येत नाही. माझ्याकडच्या कॅसेटी सगळ्या ऐकल्या. खळ्याची तीनदा, बैलांच्या पावलांखाली जुनं काही उरलं असेल म्हणून. काही उरलेलं नाही. जे होतं ते मीच पुसायला लावलं. तुझ्याकडे राहिलेल्या कॅसेटी बघ. एखादा शब्द, नाहीतर नुसता खोकला असला तरी पाठव.

तुझ्याशिवाय आता विचारायला कुणी नाही.
इश्वर

सिहोरा,
८ फेब्रुवारी १९८२

चि. इश्वरास आशीर्वाद.

सरावाला वापरलेल्या इथल्या चारही कॅसेटी दोन्ही बाजूंनी ऐकल्या. दोन दिवस शाळेत गेले नाही. तिचं कुठे काही नाही. फार स्वच्छ काम केलं मी.

आता स्टेशनवर राहिलं ते लिहिते. त्या रविवारी टेप संपली, तेव्हा मायला बोलवायला हवं होतं. मी टेप मागे घेतली आणि इअरफोन लावून पहिल्यापासून ऐकली. एवढी चांगली झाली होती की पुन्हा ऐकली. मग कॅसेटवर कागद चिकटवून तुझ्या सूचनेप्रमाणे तारीख, वेळ, जागा लिहिली. मग रोजनिशी उघडली. एकदाही खोकला नाही, हे वाक्य मी तिथेही लिहिलं आहे. ते लिहीत होते तेव्हा सुंदरबाई दारात आली. म्हणाली, म्हातारीले तिकडं काहून बसवलं बाई, आकडून राहिली ते. धुकं होतं, ऊन आलंच नव्हतं. मला आत ते कळलं नाही.

धावत गेले, आणि इश्वर, मी तिच्यावरच रागावले. आपली आपण उठून का नाही आलीस, असं विचारलं. ती म्हणाली, बोलावतो म्हनली होती न तू. मधात आली असती त पोराचं बिघडलं असतं.

त्या रात्री ताप आला. बाकी तू जाणतोसच. डॉक्टर म्हणतात, दमा जुना होता, हृदय थकलं होतं, तेवढ्या थंडीनं काही झालं नसतं. पण त्यांना मी किती वेळ सांगितला होता? अर्धा तास की दोन तास? मला आठवत नाही. रोजनिशी पाहिली, त्या दिवसाची नोंद तिथेच तुटली आहे. तुला पत्र लिहिलं तेव्हा मात्र मला सगळं ठाऊक होतं, आणि मी जरा सर्दी असं लिहिलं.

आशीर्वाद देते, तो घ्यायचा की नाही ते तू ठरव.
ताई

बडोदे,
२० फेब्रुवारी १९८२

ती. ताईस,
सा. न.

एक दिवस मला तुझा फार राग आला. तुझ्यापासून लपवून काय करू. दुसऱ्या दिवशी माझं डिसेंबरचं पत्र आठवलं. मायला बाहेर बसव, हे मीच लिहिलं होतं, वर गंमत म्हणून खोकल्याला नमस्कार. तू फक्त माझं ऐकलंस. तीही ऐकतच बसली.

ढोल्या तयार आहेत. चौघींमध्ये डोकं घातलं की काम चांगलं झालंय असं वाटतं. पाचवीत मला उभं राहता येत नाही. रिकाम्या घरासाठी ती केली होती. आता थेंब पडतो, चिमण्या येतात, आणि मला ठाऊक असतं की भिंतीपलीकडे कुणीतरी बसलंय. अर्धा तास संपतो, टेप आपोआप पहिल्यावर जाते, आणि ती पुन्हा बसून राहते. दिवसभर हेच चालायचं.

प्रदर्शन पंधरा मार्चला उघडतं. पाचवी काढून टाकू का, ते तू सांग. मी ठरवणार नाही. माझं ठरवणं बघितलं.

तुझा आशीर्वाद मी घेतला आहे.
इश्वर

सिहोरा,
२८ फेब्रुवारी १९८२

चि. इश्वरास अनेक आशीर्वाद.
वि. वि.

ढोली काढू नकोस. सोबत एक कॅसेट पाठवते आहे, ती घराच्या पहिल्या कॅसेटच्या शेवटाला जोड.

आज रविवार. सकाळी साडेसातला यंत्र माजघरात त्याच जागी ठेवून सुरू केलं. कडी काढली, बाहेरच्या सपरीत गेले आणि सुंदरबाईच्या भिंतीकडे तोंड करून हाक मारली. माय, झालं, ये आता घरात, एवढंच. सुंदरबाई अंगण झाडत होती. तिचा खराटा थांबला तेही तुला ऐकू येईल.

माणसांचं बोलणं नको, ही तुझी अट मी मोडली आहे. हाकेनंतर टेपवर काही नाही, तरी तो भाग कापू नकोस. टेप संपेपर्यंत मी दार उघडं धरून उभी होते.

तुझी,
ताई