आयनांबर तळमजल्यावर

प्रिय धम्मपाल यास नायगावहून दाजींचा सप्रेम जयभीम.

तू, राधा आणि मुलं मजेत असाल असं धरून चालतो. साताऱ्यात ऊन कडक असेल. इथंही आहे, पण माझं डोकं तापलंय ते उन्हानं नव्हे, जयंती कमिटीनं!

तुला ठाऊकच आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काचनळ्या धुतल्या. (धुता धुता चार गोष्टी डोक्यात शिरतातच.) ही आपल्या चाळीतली शेवटची जयंती, पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्यात, म्हणून कमिटीनं यंदा विज्ञानाचा देखावा ठरवला. विषय मी दिला, वातावरणाचे थर. चाळ तळ अधिक तीन मजल्यांची, थरही चार, अगदी मापात! तळमजला तपांबर, म्हणजे ढगपाऊस. (नळाजवळची कायमची ओल आयतीच.) पहिला मजला स्थितांबर, ओझोनसकट. दुसरा मध्यांबर, जिथं उल्का जळून खाक होतात. आणि तिसऱ्या मजल्याच्या काळोख्या पॅसेजमध्ये आयनांबर, म्हणजे ध्रुवीय प्रकाश! हिरव्या नेटचे पडदे, मागे एलईडी, खाली टेबलफॅन. पडदे असे झुलतात की नॉर्वेचा माणूससुद्धा दोन मिनिटं थांबून बघेल. (पाचवा थर म्हणजे गच्ची. तिला कुलूप आहे, तो विषयच काढू नकोस.)

कटकट सुरू केली पहिल्या मजल्यावरच्या कोंडीरामनं. ओझोनच्या भोकाची पाटी नेमकी त्याच्या दारावर आली, तर साहेब रुसले. मी मापं घेऊन लावली होती रे, मुद्दाम नाही! तेवढ्यात मीटिंगमध्ये तळमजल्यावरचा कुशाबा उभा राहिला. म्हणाला, वरच्यांना रोषणाई आणि खालच्यांना नुसते ढग? वरचा थर, खालचा थर ही भाषा बाबासाहेबांच्या जयंतीला? आपण लढलो कशासाठी? टाळ्यांचा कडकडाट! अरे, मीसुद्धा वाजवल्या, सवयीनं. मग लक्षात आलं की हे तर माझ्याच विरोधात चाललंय.

पुढं सगळं अगदी रीतसर झालं, याचाच जास्त संताप येतो. सूचक कुशाबा, अनुमोदक कोंडीराम. ध्रुवीय प्रकाश तळमजल्यावर, गेटसमोर, सर्वांना समान दिसेल असा आणावा. एकवीस विरुद्ध एक. (एक म्हणजे मीच.) मी घसा फोडून सांगितलं, बाबांनो, सूर्याकडून येणारे कण शंभर-दोनशे किलोमीटर वरच्या विरळ हवेवर आदळतात, तेव्हा तो प्रकाश पडतो, तो हात वर करून खाली येत नाही! तर आमचा अध्यक्ष वैभव, माझ्या हाताखाली प्रयोग शिकलेला पोरगा, नम्रपणे म्हणतो, काका, लोकशाही आहे. आणि वर हळूच विचारतो, तुमची खोली तिसऱ्या मजल्यावर ना?

काय बोलायचं, सांग! माझ्यावर स्वार्थाचा आळ? मला काय करायचीय दाराशी रोषणाई? मी आठाला जेवून झोपणारा माणूस. प्रश्न विज्ञानाचा आहे, दुसरा कसलाही नाही. पडदे अजून मी खाली जाऊ दिलेले नाहीत. रविवारी पुन्हा मीटिंग आहे, तोवर टेबलफॅन माझ्या खाटेखाली आहे.

राधाला जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
रामजी

ता. क. : तू फिजिक्स शिकवतोस, तेव्हा कॉलेजच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठव, की ध्रुवीय प्रकाश वरच्याच थरात होतो, खाली आणणं अशास्त्रीय आहे. शिक्का मार. आपलं नातं मात्र लिहू नकोस.

आणखी एक : वैभव बोलला ते खरं आहे. तुझी ताई पडल्यापासून दोन वर्षं जिना उतरलेली नाही. दोन जयंत्या तिनं दारात खुर्ची टाकून नुसत्या ऐकल्या. अख्ख्या विज्ञानाच्या पुस्तकात वरच्याच मजल्यावर घडणारी शोभेची गोष्ट मला ही एवढीच सापडली, म्हणून तो विषय दिला. मीटिंगमध्ये हे सांगितलं असतं तर बावीसच्या बावीस हात वर झाले असते, कुशाबाचा सगळ्यात आधी. पण मग ते तिच्याही कानावर गेलं असतं, आणि आपल्यापायी चाळीचा ठराव मोडायला नको म्हणून ही बाई कठडा धरून तीन मजले उतरायला निघाली असती.