सगळ्यांचे श्वास वीस

आई, तुझं घड्याळ चालू केलं मी. पट्टा नवीन, सेल नवीन, काच तीच चरे पडलेली, पण सेकंदकाटा नीट फिरतो. ते घालून रोज बेगडेवाडीवरनं लोणावळ्याला कामाला जाते. हॉस्पिटलात. लोक मला सिस्टर म्हणत्यात. तू गेलीस तवा मी चौथीत होते. नववीत शाळा सोडली, बाबांची कंपनीत शिफ्ट आन धाकट्याचा डबा, घरात दुसरं कोण होतं? वर्गात तसंबी माझं तोंड उघडत न्हवतं. हितं फरशी पुसायला लागलते. तीन आठवड्यांनी एकजण काम सोडून गेली तर मोठ्या सिस्टरनी पांढरा ड्रेस हातात दिला, म्हणाल्या, "उद्यापासून वॉर्डातलं टेंपरेचर, बीपी तू घ्यायचंस." एवढंच माझं शिक्षण. तू नर्स व्हायला घर सोडून होस्टेलला राहिलतीस.

लय वैताग येतो गं. शनिवार-रविवार तर विचारू नको. तुंगार्लीच्या बंगल्यांवर आलेली पाव्हणी, कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाला रात्रीचं पिणं बाधलेलं. एसी रूममदनं घंटा वाजली की आमी पळायचं. एकानं मला थांबवून विचारलं, "सिस्टर, इथे कॉफी मिळेल का?" माझ्या हातात बेडपॅन. आन जनरल वॉर्डातली आपली माणसं मातर गप पडून असत्यात, उठून पाणी घेत्यात, वर आपल्यालाच म्हणत्यात, "बस की पोरी जरा."

प्रत्येक कॉटच्या पायाशी चार्ट लटकवलेला असतो. ताप, नाडी, बीपी, श्वास, तीन-तीन तासांनी लिहायचं. बीपीचं मशीन आकडा देतं, थर्मामीटर देतं. श्वासाला मशीन न्हाई. मिनिटभर उभं राहून बघावं लागतं, आन मिनिट कुणापाशी न्हाई. म्हणून श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना वीस. म्हातारी वीस, पोरगं वीस, काल ऑपरेशन झालेला वीस. पहिल्या दिवशी मी मोठ्या सिस्टरना विचारलं तर हसल्या. "श्वास घेतोय ना पेशंट? मग वीस."

मला तवा आपलं सैपाकघर आठवलं. तू भाकरी करतीयस, आन वाडीवरची एक बाई बाळाला पदराखाली घेऊन थेट आत आली. "नर्सबाई, पोर कण्हतंय वो." तू पिठाचा हात तसाच ठेवून बाळाचं झबलं वर सारलंस आन घड्याळ बघत त्याच्या पोटाकडं बघत बसलीस. तव्यावरची भाकर काळी पडायला लागली. मी म्हणले, "आई, भाकर जळतीय." तू नुसता हात वर केलास. सगळ्या घरात धूर. मिनिट झालं तवा बाईला म्हणालीस, "आत्ताच्या आत्ता तळेगावला न्यायचं," आन तिला गाडीत बसवून आल्यावर माझ्यावर ओरडलीस. "मिनिटाच्या मधी बोलायचं न्हाई. भाकर दुसरी थापता येती." मी रडले तर जवळ घेऊन शिकवलंस. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची न्हाई. मोठ्या माणसाचे मोजताना त्याला सांगायचं न्हाई, सांगितलं की तो श्वास बदलतो. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आन बघायचं छातीकडं. मग तुझ्यावरच मोजायला लावलेस. मी अठरा म्हणले. तू म्हणालीस, "बरोबर," आन घड्याळ माझ्या हातात चढवून दिवसभर राहू दिलंस.

मागच्या शनिवारी तीन नंबर कॉटवर पवनेकडचे एक आबा होते. उलट्या-जुलाबानं आणलेले, दोन दिवस सलाईन चालू. सकाळी मी त्यांचं मनगट धरलं. ते म्हणाले, "काय पोरी, चालूय का अजून?" म्या म्हणले, "चालूय आबा." आन छातीकडं बघितलं. चौतीस. परत मोजले. छत्तीस. चार्टवर चौतीस लिहिलं, पहिलं धरून.

मोठ्या सिस्टरनी बघितलं. "हे काय गं?"

"मोजलं मी."

"अगं, वर सगळीकडे वीस आहे. रात्रभर वीस आणि सकाळी एकदम चौतीस? डॉक्टर विचारतील, रात्री कुणी बघितलं? रात्री मीच होते, डबल ड्यूटी आहे माझी. माझी नोकरी घालवतेस का?"

मी परत म्हणले, "पण आबांना धाप लागतीय." एवढं बोलायला मला घाम फुटला.

"राऊंडला डॉक्टर बघतीलच की. त्यांना डोळे नाहीत का? खाडाखोड नको, नवीन पान घे आणि सगळं उतरव."

तेवढ्यात एसी रूमची घंटा वाजली, त्या गेल्या. मी तितं उभी. कुणी धरलं न्हवतं मला, आई. मी नवीन पान घेतलं आन सगळं उतरवलं. वरचे वीस, खालचे वीस, आन शेवटचा वीस माझा. सगळं माझ्या अक्षरात.

डॉक्टर आले, चार्ट वाचला, आबांना विचारलं, "कसं वाटतंय आबा?" आबा म्हणाले, "झ्याक हाय." आपली माणसं डॉक्टरला दुसरं काय सांगत्यात? डॉक्टर पान उलटून मला म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं. सगळ्यांनी असं लिहायला हवं." मी खाली बघितलं. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मनात चाललेलं, आन ते चार नंबरला गेलेसुदीक.

दुपारी आबांच्या मालकिणीनं, कॉटपाशी बसलेल्या मावशींनी, हाक मारली. "शिस्टर, ह्यांचे व्हट बगा की वो." निळे पडलेले. मग धावपळ, ऑक्सिजन, गाडी, तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलात. छातीत पाणी झालतं म्हणे. मोठ्या सिस्टर गाडीपर्यंत धावत गेल्या, स्वतः मास्क धरून. आल्या तवा रडत होत्या. त्यांचाबी राग धड येत न्हाई मला, हे अजून वाईट.

मंगळवारी त्या मावशी आबांचा राहिलेला तांब्या न्यायला आल्या. आबा मशीनवरनं निघालेत, पेज पित्यात. माझ्या हातात चार पेरू कोंबले. "तुमी लय केलंत आमच्यासाठी. मनगट धरून उभ्या ऱ्हायच्या, मी बघत होते की." मी न्हाई-न्हाई म्हणले, त्यांना वाटलं पेरू नको म्हणतीय.

आज चार नंबरला नवीन बाई आल्यात. तुझ्या घड्याळावर पुरतं मिनिट मोजलं. वीस. माझा इश्वास बसंना, परत मोजलं. वीसच. वीस लिहिलं. मोठ्या सिस्टरनी चार्ट बघितला, माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, "शिकलीस बघ." ते मोजलेलं होतं, एवढंबी मला सांगता आलं न्हाई.

आबांचं ते पहिलं पान मी फाडलं न्हवतं. घडी करून घरी आणलं होतं, डॉक्टरांना दाखवायचं म्हणून. रोज पिशवीत घालून न्हेलं, रोज परत आणलं. आत्ता लिहितीय ते त्याच पानाच्या मागं, बारीक अक्षरात, कडेनं सुदीक. पलीकडं तो चौतीस हाय. घरात धाकट्याच्या वह्या हायेत आई, कोरे कागद लय होते. तरी मी हेच पान घेतलं. आता हे कुणाला दाखवता यायचं न्हाई.