तिसऱ्या मजल्याचं कुलूप

रविवार, ३ सप्टेंबर
शुक्रवारी सामान हललं. कैरोतल्या शुब्रा भागातली दाटीची गल्ली सुटली एकदाची. कैरोबाहेरची ही नवी वसाहत म्हणजे मोकळी हवा, रुंद रस्ते, आणि मुख्य म्हणजे सासूबाई दीड तासावर. तिकडे माझी बायको इन्शिराह दिवसातले दहा तास आईकडेच असायची.
पहिला संकल्प: कुलूप बदलणे. आधीचा भाडेकरू, सुतार, रंगारी, सगळ्यांकडे किल्ल्या असणार. विमा कंपनीत अठरा वर्षं चोरीचे दावे तपासतोय मी. दारावरून नुसती नजर फिरवली तरी मला रिस्क कळते.
इन्शिराह म्हणाली, आधी मोरीचा नळ बघा. बायकांना प्राधान्यक्रम कळत नाही. आईकडे कधी जाऊ, असंही विचारत होती. म्हटलं, कुलपाचं होऊ दे.

सोमवार, ४ सप्टेंबर
कुलूपवाला उस्ताद हमाम येऊन कुलूप बसवून गेला. किल्ल्या दोन. एक मला, एक तिला.
खालचा दारवान अरफाकाका वर आला. या इमारतीत प्रत्येक घराची एक किल्ली त्याच्याकडे असते म्हणे, पाणी गळलं तर उघडायला. मी सरळ नाही म्हटलं. कुंपणच शेत खातं, हे मी दाव्यांमध्ये शंभरदा पाहिलंय. तो किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत खाली गेला. मला तो आवाज आवडला नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर, दुपारी ४
तांब्याची पातेली गेली! सातही. फळीवर नुसती गोल डागांची रांग.
कुलूप शाबूत. म्हणजे भुरटा नाही, कसलेला माणूस आहे.
इन्शिराहला विचारलं तर म्हणे, असतील कुठेतरी. तिला अजून धोक्याची कल्पना आलेली नाही. मुद्दाम घाबरवलं नाही.

रविवार, १० सप्टेंबर
पहिलं काढून दुसरं कुलूप, दुप्पट जाड. या खेपेला दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात. तिची किल्ली कुठे पडली असेल, कोणी ठसा घेतला असेल, काय सांगावं? ऑफिसला निघताना बाहेरून कुलूप लावून जाईन. तिच्याच सुरक्षिततेसाठी.
ती म्हणाली, "आणि आग लागली तर?"
म्हटलं, आगीचं डिपार्टमेंट वेगळं आहे.
ती हसली नाही. विनोद बरा होता.

बुधवार, १३ सप्टेंबर, संध्याकाळ
शिलाई मशीन नाही. पायाचं, बिडाचं, दोन माणसांनी उचलायचं मशीन! आणि ती आत, दाराला बाहेरून कुलूप. खिडकीशी फरशीवर चार पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात.
तिला म्हटलं, काही आवाज आला? ती म्हणाली, शोधा तुम्ही, तुमचं कामच आहे ते. धक्का बसलेली माणसं अशीच तुटक बोलतात.
अरफाकाकाला दरडावून विचारलं. तो माझ्या बुटांकडे बघत राहिला. समोरच्या दारातल्या उम्म वाइलबाईनं जिन्यात अडवून विचारलं, रोज बाहेरून कुलूप लावता का हो? म्हटलं, रोज. बरं झालं, बातमी पसरली की चोरावर वचक बसतो. पण मी जिना चढायला लागलो की वरच्या बायकांचं बोलणं हल्ली एकदम थांबतं. टोळी मोठी दिसते.

रविवार, १७ सप्टेंबर
तेही बदलून तिसरं कुलूप, शिवाय दाराबाहेर लोखंडी जाळी. तिलाही कुलूप. उस्ताद हमाम मिशीत हसत म्हणाला, "साहेब, नक्की कोणाला अडवायचंय?" अडाणी माणूस.
एक सुधारणा नोंदवायला हवी. इन्शिराह भांडत नाही. आईचं नाव काढत नाही. नळाचंसुद्धा नाही. काल न सांगता मुलुखियाची पातळ पालेभाजी केली, सशाच्या रश्श्यातली, माझ्या आवडीची. मी जेवताना समोर बसून बघत होती, पाहुण्याला निरोप देताना बघतात तशी. घर स्थिरावतंय.
फक्त खोल्या घुमतात. बोललं की आपलाच आवाज परत येतो. नव्या इमारतींत होतं असं.

मंगळवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळ
आज फ्रीज. आणि काचसामानाचं कपाट, आतल्या बशांसकट. जाळी शाबूत, कुलपं शाबूत. क्रमानं लिहून ठेवतो.
इन्शिराह पलंगावर बसली होती, बाहेर जायचे कपडे घालून. म्हटलं, घाबरू नकोस, आत्ता चौकीवर जाऊन येतो. दोन्ही कुलपं लावून निघालो.
अधिकारी म्हणाला, गेलेल्या वस्तूंची यादी द्या. अशा वेळी अनुभव कामी येतो. लग्नाच्या वेळी सही केली होती ती यादी मी बरोबरच नेली होती. माहेरहून आलेलं, तिच्या नावचं सगळं त्यात, चमच्यापासून पलंगापर्यंत. अधिकाऱ्यानं एकेक वस्तू विचारून खुणा केल्या. सगळ्या जुळल्या. मला अभिमानच वाटला.
मग त्यानं विचारलं, या यादीबाहेरचं काय गेलं? तुमचं असं?
आठवून पाहिलं. माझं घड्याळ आहे. रेडिओ आहे. चपला आहेत.
"म्हणजे बाईंचं सामान गेलं, तुमचं टाचणीएवढंही नाही," तो म्हणाला. "बाई कुठे आहेत?"
घरी, मी म्हटलं. सुरक्षित. बाहेरून कुलूप लावून आलोय.
त्यानं पेन खाली ठेवलं आणि टोपी घातली.

त्याच दिवशी, नंतर
जिना चढलो तेव्हा जाळी सताड उघडी होती. उस्ताद हमाम पायरीवर बसून चहा पीत होता, शेजारी त्याची हत्यारांची पिशवी. त्यानं काही लपवलं नाही. बाई फोन करायच्या, म्हणाला, मी येऊन उघडायचो. त्यांचा भाऊ छोटी गाडी घेऊन यायचा, सामान जायचं, मग बाईंच्याच सांगण्यावरून परत लावायचो. माझीच कुलपं, कितीसा वेळ लागणार. आज मात्र परत लावू नका म्हणाल्या.
अरफाकाका आणि तिचा भाऊ पलंग उतरवत होते. मी अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्यानं बाजूला होऊन पलंगाला वाट दिली.
इन्शिराह दारात थांबली. आवाज चढवला नाही.
"चोर आत येईल म्हणून तुम्ही कुलपांवर कुलपं लावलीत. मी बाहेर जाईन, असं एकदाही वाटलं नाही?"
मी म्हटलं, तू सांगायचंस.
ती म्हणाली, "रोज सांगत होते. दाराच्या आतून."
अधिकाऱ्यानं तिला विचारलं, तक्रार करायची का? तिनं माझ्याकडे पाहिलं. नको, म्हणाली, उशीर होतोय, आई वाट बघत असेल.

गुरुवार, २१ सप्टेंबर
काल दिवसभर काही लिहिलं नाही. चटईवर झोपलो, पाठ धरली.
संकल्प: तिला थोडा वेळ द्यायचा. राग शांत झाला की येईल. आठवडाभर, फार तर दोन.
आज सकाळी ऑफिसला निघालो. दार ओढलं, कुलूप लावलं, जाळी लावली, तिचंही कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं. मग दाराला तोंड लावून रोजच्यासारखं म्हटलं, येतो गं, घाबरू नकोस.
बराच वेळ तिथेच उभा होतो. समोरचं दार किलकिलं झालं आणि मिटलं.
ऑफिसला वीस मिनिटं उशीर झाला.