डाव्या पायाचा गोल

१८ नोव्हें.
दवनीवाड्याच्या मुलींच्या फुटबॉल सामन्याची माझी बातमी छापून आली. ‘प्रमिला दोन्ही पायांनी सव्यसाची, एक गोल उजव्याने, एक डाव्याने.’ सव्यसाची हातांचा असतो, पायांचा नव्हे. पण संपादकांचे संस्कृत माझ्या पथ्यावर. सामना मी रस्त्यावरून, बसची वाट बघत पाहिला, हे बातमीत नाही.

२० नोव्हें.
घोटाळा. डावा गोल प्रमिलाचा नव्हे, धाकट्या बहिणीचा, रोशनीचा. दोघींत बुटांची एकच जोडी. उजवा थोरली घालते, डावा धाकटी, दुसरा पाय अनवाणी. बूट असेल त्याच पायाने मारायचे. दुरून मला दोघी मिळून एकच दिसली.
खुलासा देतो म्हटले. क्रीडाशिक्षिका उके मॅडमनी हात जोडले. “नका जी सर. क्रीडा वसतिगृहवाले बातमी वाचूनच तिला पाहायला येऊन राहिले. एकच जागा आहे.”

२१ नोव्हें.
सकाळीच प्रमिला दारात. “तुमीच लिवलं जी, आता डावा पाय तुमीच शिकवा.” मी! संस्कृतचा मास्तर, आजवर फक्त विभक्तीची रूपे चालवली.

२५ नोव्हें.
कापणी झालेल्या धानाच्या बांधीत सराव. मॅडमची युक्ती : प्रमिलाला फक्त डावा बूट. धसकटांत अनवाणी उजवा पाय उचलवतच नाही. डावा चालतो, चेंडू मात्र शेजारच्या बांधीत. आणायला मी. कंबर गेली. बायको म्हणाली, बातमीमागे धावत नाही, तो चेंडूमागे धावतो.
रोशनी बांधावर. तिचाच बूट तो. उजवा देऊ केला, घेतला नाही.

१ डिसें.
आज रोशनी आपणच उतरली. “पाय ढिला काऊन सोडतेस? घोटा आवळ.” सहा दिवसांत आम्हाला जमले नाही ते हिला तासाभरात.
खुलासा लिहून खिशात ठेवलाय. पाठवला तर थोरलीची जागा जाते, नाही तर धाकटीचा गोल. इकडे वाघ, तिकडे कडा. आमच्या जिल्ह्यात वाघ तरी प्रामाणिक आहे.

६ डिसें.
वसतिगृहवाले येऊन गेले. त्यांनी चेंडू मुद्दाम डावीकडे टाकला. प्रमिलाने मारला, गेला आत. साहेब खूश : लिहिलंय तशीच आहे. यादी सोमवारी.
निघताना रोशनी सायकलपाशी आली. डावा बूट हातात, चिखल पुसत.
“सर, तो पेपरातला गोल आता कोनाचा जी?”
खिशावर हात गेला. मॅडम बघत होत्या. सायकलला किल्ली लावली, पण निघण्याआधी म्हटले, “तुझाच.”