दिवा हिरवा असताना

९ जून
मी या निर्जंतुकीकरण केंद्राचा भांडार अधिकारी. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय पंचावन्न. मनात बसलेली एक धास्ती कुठेतरी उतरवून ठेवावी, एवढ्याचसाठी हे लेखन.

किरणकक्षातील किरणोत्सारी कोबाल्टच्या कांड्या पाण्याखाली गेल्या, की किरणे अडतात, आतला स्विच जोडला जातो, बाहेर हिरवा दिवा लागतो आणि दार उघडते. काल कांड्या वर असतानाच दिवा लुकलुकला! आज अभियंताबाईंनी स्विचमधला वीज अडवणारा सिरॅमिक इन्सुलेटर काढून आणला, नवा मागितला. नियमाप्रमाणे जुना टेबलावर तपासला — निर्दोष. निर्दोष वस्तू बदलून देता येत नाही. सही करून परत दिला.

धाकटा भाऊ त्याच दारावर यंत्रचालक. हसला. "दादा, बी.कॉम.ला वीज कधी होती रे?"

हसू आले नाही.

१० जून
बाई भांडारात आल्या, बसल्या नाहीत. "साहेब, टेबलावर तो गुणी बाळच असणार! वर्षानुवर्षे किरणे खाऊन आतून खिळखिळा झालाय. किरणे अंगावर पडत असतात तेव्हाच त्यातून वीज झिरपते. स्विच उघडा, पण दिव्याला वाटते जोडलेला. कांड्या खाली गेल्या, की पुन्हा शहाणा."

म्हणजे धोका असतो नेमका तेव्हाच तो खोटे बोलतो — आणि तेव्हा आत जाऊन तपासणे कोणालाच शक्य नाही. माझ्या चाचणीत तो कधीही नापास झाला नसता! नियम बाजूला ठेवून नवा दिला.

११ जून
नवा बसला. दिवा स्थिर. धाकट्याला बजावले — किरणे मोजणारा हातमीटर घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. "बरं, आजीबाई!" म्हणाला, पण डबा न उघडताच उठला. चेहरा उतरलेला. का?

१२ जून
सकाळी भावजयीचा फोन. "दादा, परवापासून उलट्या होताहेत यांना. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

धाकट्याला विचारले. भिंतीकडे पाहत बोलला. "नऊला, तू परत दिलेला बसवल्यावर, कांड्या वर असतानाच दिवा हिरवा झाला. दार उघडलं. आतल्या बोळाच्या पहिल्या वळणापर्यंतच गेलो रे. मीटर किंचाळला, तसा पळालो. सही तुझी होती, दादा — म्हणून गप्प बसलो."

— थोरला भाऊ
रक्ततपासणी कक्षाबाहेरील बाक, १२ जून