कोलूसारखी मांडलेली फौज

आई,

उद्या सकाळच्या गाडीने मी बेंगळूरला चालले आहे, खेळायला. एवढं लिहून मी थांबले, कारण तू असतीस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास. शेजारच्या मामींकडे वाटीभर साखर मागायला पाठवलंस तरी मी दारापर्यंत जाऊन परत यायची. त्या झोपल्या असल्या तर? वाटी आपलीच आहे हे त्यांना कसं कळणार? माझ्या शंका संपेपर्यंत तुझी कॉफी निवायची. ती मी आता मद्रासमध्येच, पेरुंगुडीच्या एका ऑफिसात काम करते. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, म्हणजे दिवसभर शंका काढायच्या, आणि त्याचा पगार मिळतो. तिथे मी हुशार समजली जाते. पण स्वतः कुठे जायची वेळ आली की पाय मागे येतात. मागच्या वर्षी ऑफिस परदेशी पाठवत होतं, मी नको म्हणाले. क्विझमध्ये नाव दिलं आणि आदल्या आठवड्यात काढून घेतलं. बाबांनी तर "काय ठरलं?" असं विचारणंच सोडून दिलं होतं. नुसते चष्म्यावरून बघायचे.

खेळ काय आहे ते सांगते, हसू नकोस. पुढच्या कुठल्यातरी शतकातले, दुसऱ्याच कुठल्या ग्रहावरचे शिपाई असतात. धातूचे, करंगळीच्या दोन पेरांएवढे. आपापली छोटी तुकडी आपणच रंगवायची. जेवणाच्या टेबलावर थर्माकोलची घरं, भिंती, पिंपं मांडायची, टेप लावून इंचांनी शिपाई पुढे सरकवायचे, फासे टाकून गोळ्या झाडायच्या. जो टेबलाच्या मधोमध ठेवलेली पेटी ताब्यात घेईल तो जिंकला. मी यात पडले ती तुझ्यामुळे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी, दोन मुलींचा बाप आहे, एक दिवस हात मोडलेला शिपाई घेऊन ऑफिसात आला आणि दिवसभर सुतकात असल्यासारखा बसला. मी तो घरी आणला, हात चिकटवला आणि तुझ्या त्या बारीक ब्रशने रंगवला. बाहुल्यांचे डोळे काढायचा तुझा ब्रश अजून माझ्याकडे आहे. काम झालं की साबणाने धुऊन त्याचं टोक ओठांत धरून नीट करायचं, हे मी अजून तसंच करते. सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी तो शिपाई उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघितला आणि देवीला हाक मारावी तसं म्हणाला, "अम्मा ताये, तू इतके दिवस कुठे होतीस?"

त्याचा जुना जोडीदार परदेशी गेला होता आणि बेंगळूरला जानेवारीत जोडीने खेळायच्या लढती होत्या. त्याला जोडीदार हवा होता. मी अर्थातच नको म्हणाले. मग त्याने तोडगा काढला, की दर शनिवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये सरावाचे डाव खेळायचे आणि दसऱ्याला मी हो किंवा नाही सांगायचं. "सराव म्हणजे हरायचंच असतं," तो म्हणाला. हे मला बरं वाटलं. हरायचंच असेल तर मी कुणाला निराश करणार नव्हते.

पहिल्या डावात मी काय केलं असेल ते तू आत्ता ओळखलंच असशील. मी माझी तुकडी कोलूसारखी मांडली, नवरात्रात तू पायऱ्यांवर बाहुल्या मांडायचीस तशी. उंच शिपाई मागे, बुटके पुढे, नायक बरोब्बर मधे आणि वर, म्हणजे एका घराच्या गच्चीवर. सगळ्यांची तोंडं समोर. दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने. कुणी कुणाला झाकत नाही ना, हेसुद्धा मी वाकून बघितलं. मांडून झाल्यावर हात मागे बांधून उभी राहिले आणि मला खरोखरच समाधान वाटलं. सहकारी टेबलाच्या पलीकडे बसला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "सगळे दिसतायत," तो म्हणाला. "एकही लपलेला नाही. आता मी काय करू, फोटो काढू की गोळ्या घालू?" त्याने गोळ्या घातल्या. चहा निवायच्या आत माझ्या पायऱ्या रिकाम्या झाल्या.

बसमधून घरी येताना मला तू आठवलीस. मला दमा होता म्हणून शाळेत न पाठवता तू स्वयंपाकघरातच शिकवायचीस ते दिवस. तू विळीवर नारळ खवते आहेस, मी पाटावर बसून हरभऱ्याच्या दाण्यांनी बेरजा करते आहे, आणि बेरीज बरोबर आली की ते दाणे कुकरमध्ये जाणार. चुकली तरी जाणारच. नवरात्र जवळ आलेलं. ट्रंक उघडायची, जुन्या साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या निघायच्या. दुकान मांडून बसलेला शेट्टी आणि त्याची जाड बायको, बँडवाले, आणि तंजावरच्या आजीने तुला लग्नात दिलेले लाल लाकडाचे राजा-राणी. रंग उडालेले असले की तू ताजे करायचीस आणि म्हणायचीस, "डोळे शेवटी काढायचे. डोळे आले की बाहुली बघायला लागते, मग तिच्यासमोर चुका करायची लाज वाटते." पायऱ्यांपुढची बाग माझी असायची. त्यात वाळू, मोहरीची रोपं, आरशाचं तळं. मी प्रत्येक बाहुली इतकी सरळ करत बसायची की एकदा बायका हळदीकुंकवाला दारात आल्या तरी हरभऱ्याचं सुंडल वाट्यांत भरलेलं नव्हतं, ते माझं काम होतं. तू मला दंडाला धरून बाहेरच्या दारात नेलंस. मला वाटलं आता रागावणार. रागावलीसच, पण तुझ्या पद्धतीने. "बस इथे. पाहुणी होऊन बघ. इथून तुला तो बँडवाला वाकडा दिसतो का?" नाही दिसत, मी म्हणाले. "मग? तू आतून बघून मांडतेस. बघणारा इथे बसतो."

पुढच्या शनिवारी मी शिपाई मांडले आणि उठून टेबलाच्या पलीकडे गेले. सहकाऱ्याला खुर्चीवरून उठवलं, गुडघ्यांवर बसले, हनुवटी टेबलाला टेकवली आणि त्याच्या शिपायांच्या उंचीवरून माझ्याकडे बघितलं. कँटीनमधले लोक बघत होते. मला लाज वाटली, पण भिंतीआडून माझ्या नायकाचं अर्धं डोकं बाहेर आलेलं दिसलं. परत गेले, त्याला सरकवला, परत आले. अशा माझ्या फेऱ्या चालू होत्या. "प्रदक्षिणा झाल्या की सांग," सहकारी म्हणाला, "मी तोवर वडे आणतो."

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. माझा एकही शिपाई दिसेना. आणि हलेना. हललं की कुणीतरी दिसणार, दिसलं की पडणार, आणि पडलेला शिपाई टेबलावर आडवा करून ठेवायचा असा नियम आहे. ते माझ्याच्याने होईना. डाव संपला तेव्हा माझी सगळी माणसं धडधाकट होती, आणि पेटी त्याच्याकडे. तो म्हणाला, "तू यांना युद्धावर आणलंयस की हिल स्टेशनला?" शिवाय माझा टेप. माझ्या गोळीला अर्धा इंच कमी पडला की मी त्याच्या आधी सांगायची. त्याचा फासा वाईट पडला तर मलाच वाईट वाटायचं आणि तोंडून "सॉरी" जायचं. एकदा तर मी त्याच्या शिपायाला लपायला जास्त चांगली जागा दाखवली. त्याने दोन्ही हात जोडले. "अम्मा ताये, तू कुणाच्या बाजूने खेळतेस ते एकदा ठरव. टेप खरा धर, तो तसाच धर. पण माफी मागणं बंद कर. समोरच्याला संशय येतो."

असे शनिवार गेले. मी हरत होते आणि, आई, मला मजा येत होती. सोमवारी ऑफिसात जाताना मी शनिवारचा डाव मनात उलटा खेळायची. एक मात्र सुटत नव्हतं. ज्या क्षणी एखाद्याला उघड्यावर पाठवल्याशिवाय काही होणार नाही असं दिसायचं, त्या क्षणी माझा हात आखडायचा. आणि दसरा जवळ आला.

दसऱ्याला ऑफिस बंद, म्हणून शेवटचा सराव आपल्या घरी ठेवला. कोलू बाबा मांडतात आता. फॅक्टरीत जन्मभर रणगाड्यांचे भाग तपासलेला माणूस, पायऱ्या पाणसळ लावून बसवतो. शेट्टीच्या दुकानातली मडकी पट्टीने समांतर. तुला हसू आलं असतं. तुझ्या तंजावरी, तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीची ते चेष्टा करायचे, पण सुंडलमध्ये हिंग किती, हे अजून तुझेच शब्द म्हणत घालतात. सहकारी आला, वाटीभर सुंडल खाल्लं, मग आणखी वाटीभर. बाबांनी एक शिपाई उचलून चष्मा वर करून तपासला. "एवढं चिलखत घालून हा मद्रासच्या उन्हात बसस्टॉपपर्यंत चालला तर मी त्याला मेडल देईन," म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. उठलेच नाहीत.

डाव शेवटच्या फेरीला आला तेव्हा पेटी टेबलाच्या मधे मोकळीच होती. तिच्यावर सहकाऱ्याच्या मोठ्या बंदूकवाल्याची नजर. तो बंदूकवाला एका फेरीत एकदाच गोळी झाडू शकतो. माझ्याकडे दोघे उरले होते. नायक, ज्याच्या शिरस्त्राणाची लाल काच मी तुझ्या ब्रशने शेवटी रंगवली होती, आणि एक साधा शिपाई. एकाने उघड्यावर धावत जायचं, गोळी अंगावर घ्यायची, म्हणजे दुसरा पेटीपर्यंत जाईल. पुढे नायक उभा होता, म्हणून जायचं त्यालाच. मला हे लगेच दिसलं आणि मी टेप उघडून पुन्हा गुंडाळला. बाबा म्हणाले, "काय ठरलं?"

किती दिवसांनी विचारलं त्यांनी. मी मान वर केली तर त्यांच्या मागे कोलू होता, आणि मला एकदम दसऱ्याची ती संध्याकाळ आठवली. नवरात्र संपलं की एक बाहुली आडवी करायची, म्हणजे कोलू संपला. तू म्हणालीस, या वर्षी तू निजव राजाला. मी रडायला लागते. तू माझा हात धरतेस, राजाच्या पाठीमागे माझाच तळवा देतेस. तुझ्या बोटांना नारळाचा वास आहे. "मेला नाही गं. उभा राहून राहून दमला. काम झालं त्याचं. तू निजवलं नाहीस तर बिचारा वर्षभर ताटकळेल." मी तरी तळवा काढून घेतला होता. शेवटी तूच निजवलंस. आणि तू गेल्यावर दरवर्षी बाबा निजवतात. मी त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासत असते.

मी नायकाला उघड्यावर पाठवला. बंदूकवाल्याने गोळी झाडली, ती लागली. सहकारी हात पुढे करत होता, मी म्हटलं, "थांब, मी करते." नायकाच्या पाठीमागे तळवा दिला आणि त्याला आडवा केला. मग माझा साधा शिपाई धावला. मी टेप लावला. अर्धा इंच कमी.

"पोचला की," बाबा म्हणाले.

"नाही पोचला," मी म्हटलं.

सहकाऱ्याने कपाळावर हात मारला. "अय्यो! माझ्या मुलींनी मोजलं असतं तर पोचून परत आला असता." पेटी तशीच राहिली, पण माझ्यापेक्षा त्याची जास्त माणसं उभी होती, म्हणून डाव त्याचा. मी पुन्हा हरले होते. आणि टेप गुंडाळता गुंडाळता मी म्हणाले, "तिकिटं काढ बेंगळूरची." त्याने विचारलं, "हरल्यावर?" मी म्हटलं, हो, हरल्यावरच. बाबा उठून आणखी कॉफी करायला गेले आणि आत बराच वेळ उगाचच डबे वाजवत राहिले.

त्या संध्याकाळी राजाला मी निजवलं. तू सांगितलंस तसं. काही झालं नाही. तो खरंच दमलेला वाटला.

आता मार्गळी महिना संपत आला आहे, खाली मामींनी आत्ताच काढलेली रांगोळी अजून ओली आहे, आणि मी दुपारपासून बॅग भरते आहे. टेप, फासे, शिपायांचा डबा, तुझा ब्रश, बाबांनी दिलेला खाकऱ्यांचा पुडा. भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू. पण या भीतीत आता भुकेसारखं काहीतरी आहे. हे पत्र कुठे टाकणार? बॅगेच्या पुढच्या कप्प्यात राहील.

एक सांगायचं राहिलं. ट्रंकेत गेलेली बाहुली पुढच्या नवरात्राआधी काढायची नाही, हा तुझा नियम. मी राजाला काढलंय. टॉवेलात गुंडाळून बॅगेत, मोज्यांच्या शेजारी. बाबांना माहीत नाही. लढतीच्या वेळी त्याला टेबलाच्या पलीकडच्या काठावर ठेवीन म्हणते, बघणाऱ्याच्या बाजूला, पाहुणा म्हणून. हे तिथल्या नियमात बसतं का, ते मी कुणालाही विचारलेलं नाही.